प्यादे दिल्यावर इंजिनाचा आकडा स्थिर का राहत नाही: कारणे आणि उपाय

प्याद्याचा बळी देऊन त्याच्या बदल्यात खुली पट्टी, उंटांची जोडी किंवा प्रतिस्पर्ध्याच्या राजाभोवतीची दुबळी घरे मिळवणारी खेळी बुद्धिबळाच्या इंजिनासमोर (डाव तपासणाऱ्या संगणकीय प्रोग्रामसमोर) ठेवली की एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. पहिल्या काही सेकंदांत पडद्यावर −०.९० दिसते (उणे म्हणजे बळी देणारी बाजू मागे), थोड्या वेळाने −०.४०, आणखी थांबल्यावर ०.००. दुसरे इंजिन त्याच स्थितीला +०.२० देते. चार खेळ्या पुढे जाऊन परत मागे आले, तर पहिल्या इंजिनाचाच आकडा पुन्हा बदललेला असतो. अशा वेळी काही जण बळी चुकीचा ठरवून मोकळे होतात, तर काही जण इंजिनाला मोबदला कळतच नाही असे म्हणतात. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

इंजिनामध्ये मोबदल्याचा स्वतंत्र हिशेब सहसा नसतो. दिसणारा आकडा दोन यंत्रणा मिळून तयार करतात: एक पुढच्या खेळ्या शोधत जाते, आणि दुसरी तो शोध जेथे थांबला त्या स्थितीकडे पाहून तिची किंमत सांगते. लवकर वसूल होणारा मोबदला पहिल्या यंत्रणेच्या वाट्याला येतो, सावकाश वसूल होणारा दुसरीच्या. त्यामुळे आकडा पटत नसेल तर दोष कोठे शोधायचा हे मोबदल्याच्या प्रकारावरून ठरते, आणि माझ्या मते या विषयावरचे बहुतेक वाद हा प्रकार न ठरवताच सुरू झालेले असतात.

आधी आकडा नीट वाचावा

अनेकांच्या मनात आजही १.०० म्हणजे एक प्यादे हे समीकरण पक्के आहे आणि त्याला इतिहास आहे. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात वजिराला ९, हत्तीला ५, उंट व घोड्याला प्रत्येकी ३ आणि प्याद्याला १ गुण दिला होता. दुहेरी, मागे राहिलेल्या किंवा एकाकी प्याद्यासाठी अर्धा गुण वजा केला होता, आणि उपलब्ध असलेल्या प्रत्येक वैध खेळीसाठी ०.१ गुण धरला होता. त्या हिशेबात प्याद्याचा मोबदला अगदी शब्दशः मोजता येत असे: प्रतिस्पर्ध्यापेक्षा दहा खेळ्या जास्त उपलब्ध असल्या किंवा त्याच्या प्याद्यांच्या रचनेत दोन दोष निर्माण केले, की प्यादे वसूल. पुढे अशा घटकांची संख्या वाढत गेली. बुद्धिबळपटू लॅरी कॉफमन यांनी १९९९ साली प्रत्यक्ष डावांच्या मोठ्या संग्रहावरून उंटांच्या जोडीची किंमत सरासरी अर्धे प्यादे असल्याचे दाखवले, तेव्हाही मोजमापाचे एकक प्यादेच होते.

आज ते एकक नावापुरते उरले आहे. स्टॉकफिश या प्रसिद्ध इंजिनामध्ये पूर्वी आतल्या गुणांना अंतिम टप्प्यातील प्याद्याच्या किमतीने भागून आकडा दाखवला जात असे. डिसेंबर २०२२ मधील १५.१ या आवृत्तीपासून मोजपट्टी बदलली, आणि +१.०० चा अर्थ असा ठरला की स्टॉकफिशच स्टॉकफिशविरुद्ध पुरेशा वेळेत खेळत असेल तर त्या बाजूला जिंकण्याची शक्यता ५० टक्के आहे. म्हणजे प्यादे दिल्यावर −०.६० दिसले, तर ‘०.४० एवढा मोबदला मिळाला, ०.६० कमी पडला’ हा वाचनाचा प्रकार मुळातच चुकतो. त्या आकड्याचा अर्थ एवढाच आहे की डाव हरण्याची शक्यता असली तरी ती निम्म्याच्या खाली आहे, आणि बरोबरीची शक्यता मोठी आहे. ज्या इंजिनात विजय, बरोबरी आणि पराभव यांचे प्रमाण दाखवण्याची सोय असते, तेथे ती सुरू करावी; बळीच्या स्थितीत हे तीन आकडे एका आकड्यापेक्षा फार जास्त सांगतात. दोन स्थितींचे मूल्यांकन सारखेच −०.५० असले, तरी एकीत बरोबरी जवळजवळ निश्चित आणि दुसरीत दोन्ही बाजूंना जिंकण्याची संधी असू शकते.

त्यानंतर दोन-तीन किरकोळ गोष्टी उरकून घ्याव्यात. इंजिन आणि पटाचा प्रोग्राम यांच्यातील संवादात गुण ज्याची खेळी आहे त्याच्या बाजूने सांगितले जातात, तर पडद्यावर ते बहुधा पांढऱ्याच्या बाजूने बदलून दाखवले जातात. त्यामुळे इंजिन थेट टर्मिनलमध्ये (लिखित आज्ञांच्या खिडकीत) चालवणाऱ्याला काळ्याच्या खेळीवर चिन्ह उलटे दिसते. शोध चालू असताना काही आकडे ‘किमान इतके’ किंवा ‘कमाल इतके’ अशा मर्यादा म्हणून येतात, कारण इंजिन आधीच्या आकड्याभोवतीच्या अरुंद पट्ट्यात शोध घेते आणि उत्तर पट्ट्याबाहेर गेले की पट्टा रुंद करून पुन्हा शोधते. ही मधली मूल्ये उतरवून घेऊ नयेत; डेप्थ (किती खेळ्या पुढे पाहिले ती शोधाची खोली) पूर्ण झाल्यावरचाच आकडा धरावा. आणि ०.०० दिसले तर दाखवलेल्या ओळीच्या शेवटापर्यंत जाऊन पाहावे. बळीनंतरचे ०.०० पुष्कळदा सततचे शह किंवा खेळ्यांची पुनरावृत्ती यामुळे आलेले असते. ‘मोबदला बरोबर प्याद्याइतका आहे’ याहून हा अर्थ वेगळा आहे, आणि प्रतिस्पर्धी पुनरावृत्ती टाळू शकतो का हा खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो.

वाचनातील सर्वांत महागडी चूक मात्र वेगळीच आहे. बळीनंतरचा आकडा पाहिला जातो, पण बळी न देता खेळल्यावर काय उरते ते पाहिले जात नाही. मार्शल अटॅक या ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या ठरीव सुरुवातीचे, उदाहरण घ्यावे: १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट बी५ ए६ ४. उंट ए४ घोडा एफ६ ५. कॅसलिंग उंट ई७ ६. हत्ती ई१ बी५ ७. उंट बी३ कॅसलिंग ८. सी३ डी५. काळा येथे ई५ चे प्यादे देतो आणि त्याबदल्यात पांढऱ्याच्या राजावर सर्व मोहरे वळवतो. फ्रँक मार्शल यांनी १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये कापाब्लांकाविरुद्ध ही पद्धत खेळली, तो डाव ते हरले, आणि तरीही ही ओपनिंग आजवर सर्वोच्च पातळीवर टिकली आहे. येथे इंजिन पांढऱ्याला किंचित वरचढ दाखवते म्हणून बळी अपुरा म्हणायचा का? काळ्याने ८... डी६ अशी साधी खेळी केली तरी पांढरा किंचित वरचढच राहतो. बळीची खरी किंमत म्हणजे या दोन आकड्यांमधील फरक, आणि तो येथे अगदी लहान आहे. म्हणून विश्लेषण करताना एकाच वेळी निदान तीन ओळी दाखवण्याची सोय सुरू ठेवावी. शोध थोडा मंदावतो, पण एकच ओळ दाखवताना इंजिन बाकीच्या खेळ्या ‘सर्वोत्तमपेक्षा कमी’ एवढेच सिद्ध करून सोडून देते आणि त्यांचा नेमका आकडा काढतच नाही.

मोबदला कोणत्या जातीचा आहे

हे ठरवण्याची एक साधी चाचणी आहे. बळी स्वीकारला गेल्यानंतरची स्थिती घ्यावी, तिचा आकडा लिहून ठेवावा, आणि मग पट-संपादनात जाऊन मोहरे तसेच ठेवून फक्त खेळी कोणाची हे बदलावे. कोणी शहात असेल तर ही चाचणी करता येत नाही. दोन आकड्यांमधील फरक म्हणजे त्या स्थितीतील एका खेळीची किंमत. फरक मोठा असेल तर मोबदला वेगाचा आहे: विकासातील आघाडी, राजावरील हल्ला, एका विशिष्ट धमकीवर उभा असलेला डाव. असा मोबदला लवकर वसूल झाला नाही तर विरतो, आणि त्याचा निवाडा शोध करतो. फरक लहान असेल तर मोबदला रचनेचा आहे: खुल्या पट्ट्या, कायमची दुबळी घरे, हलवता न येणारी प्यादी. त्याचा निवाडा शोधाच्या आवाक्यात पुष्कळदा येतच नाही. तो स्थिर मूल्यांकनावर, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या दुसऱ्या यंत्रणेवर, सोपवलेला असतो.

बेंको गॅम्बिट (गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच बळी देणारी ओपनिंग) हे दुसऱ्या प्रकाराचे जवळजवळ शुद्ध उदाहरण आहे. १. डी४ घोडा एफ६ २. सी४ सी५ ३. डी५ बी५ ४. सी×बी५ ए६ ५. बी×ए६ नंतर काळ्याला ए आणि बी या दोन अर्ध्या खुल्या पट्ट्या मिळतात, उंट जी७ वर गेला की लांब कर्ण मिळतो, आणि पांढऱ्याच्या ए२ व बी२ वरील प्याद्यांवर वीस-वीस खेळ्या दाब राहतो. वजीर मारले गेले तरी तो दाब कमी होत नाही, उलट बरेचदा जास्त जाचक होतो. तरीही आजची बहुतेक इंजिने येथे पांढऱ्याला स्पष्ट वरचढ मानतात. काळ्याने एक खेळी कमी-जास्त केली तर फार बिघडत नाही. त्यामुळे वरील चाचणीत फरकही मार्शलच्या मानाने बराच लहान येतो.

आकडा डेप्थबरोबर सरकत असेल तर

वेगाच्या मोबदल्यात आकडा सरकणे हा बिघाड नसून शोधाच्या रचनेचा अपेक्षित परिणाम आहे. त्याची यंत्रणा समजली की किती थांबायचे हेही समजते.

अल्फा-बीटा पद्धतीचे, म्हणजे निरुपयोगी फांद्या छाटत शोधणारे, स्टॉकफिशसारखे इंजिन सर्व खेळ्या सारख्याच खोलीपर्यंत पाहत नाही. ज्या खेळ्या यादीत मागे असतात आणि ज्यांत मारामारी (मोहरा किंवा प्यादे मारणे) किंवा शह नसतो, त्यांना ते कमी खोली देते. त्या वाटेवर अनपेक्षित चांगले काही दिसले तरच पूर्ण खोलीने पुन्हा शोधते. स्थानाच्या फायद्यासाठी दिलेला प्याद्याचा बळी बहुधा अशाच शांत खेळीने दिला जातो आणि त्यानंतरच्या महत्त्वाच्या खेळ्याही शांतच असतात: हत्ती खुल्या पट्टीवर आणणे, घोडा चौकीच्या घराकडे वळवणे, वजीर राजाच्या बाजूला नेणे. याउलट प्यादे खाणे ही मारामारी असल्यामुळे ती यादीत वर असते आणि पूर्ण खोलीने तपासली जाते. शोधाच्या टोकाला तर इंजिन बहुतांशी मारामारीच पाहते, कारण अर्धवट राहिलेल्या देवाणघेवाणीवर मूल्यांकन करणे धोक्याचे असते. तेथे पडलेले प्यादे ताबडतोब दिसते आणि दोन शांत खेळ्यांनंतरचा दाब दिसत नाही.

यात छाटणीचे दोन नियम भर घालतात. पहिला असा: उरलेली खोली थोडी असताना एका बाजूचे स्थिर मूल्यांकनच आवश्यक पातळीच्या बरेच वर असेल, तर ती फांदी पुढे न पाहताच सोडली जाते. प्यादे खाल्लेल्या बाजूला हा नियम सहज लागू पडतो. दुसरा असा: एका बाजूने खेळी सोडून दिली तरी तिचे काही बिघडत नाही असे कमी खोलीच्या शोधात दिसले, तर ती बाजू पुरेशी सुरक्षित मानली जाते. सावकाश वाढणाऱ्या दबावात एक खेळी सोडल्याचा दुष्परिणाम तितक्या कमी खोलीत दिसत नाही, म्हणून येथेही प्यादे खाणाऱ्याला झुकते माप मिळते. हे नियम नसते तर इंजिन आजच्या खोलीच्या आसपासही पोहोचले नसते. ते बंद करणे हा उपाय नव्हे. त्यांचा कल कोणत्या बाजूला आहे हे लक्षात ठेवून पुरेशी खोली देणे हा उपाय आहे.

व्यवहारात मी आकड्यापेक्षा त्याच्या दिशेकडे पाहतो. खऱ्या मोबदल्याच्या स्थितीत सुरुवातीला आकडा पडतो आणि डेप्थ वाढेल तसा हळूहळू वर येऊन एका पातळीवर स्थिरावतो. खोट्या मोबदल्यात सुरुवातीला बरा दिसलेला आकडा एखाद्या अचूक बचावामुळे घसरतो आणि घसरतच राहतो. हा अटळ नियम नाही, पण लागोपाठच्या पाच-सहा डेप्थवर दिशा तीच राहिली, तर ती माहिती कोणत्याही एका क्षणीच्या आकड्यापेक्षा विश्वासार्ह असते. अजूनही आकडा उड्या मारत असेल, तर बळी स्वीकारणारी खेळी पटावर करून तेथून शोध सुरू करावा, मग बचाव करणाऱ्याच्या प्रमुख दोन-तीन उत्तरांवर वेगवेगळा वेळ द्यावा, आणि ओळीच्या शेवटाकडून मागे मागे येत मूळ स्थितीपर्यंत पोहोचावे. पुढच्या स्थितींचे निष्कर्ष हॅश टेबलमध्ये (इंजिनाच्या स्मृतीतील नोंदवहीत) साठलेले असल्यामुळे मूळ स्थितीचा आकडा आता अधिक पक्का असतो. पुढे जाऊन मागे आल्यावर आकडा बदलतो ही तक्रारही याच कारणाने येते, आणि बदललेला आकडाच बहुधा अधिक विश्वासाचा असतो. दोन वेळच्या निकालांची तुलना करायची असेल तेव्हा मात्र हॅश रिकामे करावे आणि इंजिन एकाच थ्रेडवर (प्रोसेसरच्या एकाच कार्यधाग्यावर) चालवावे, कारण अनेक थ्रेडवर तेच इंजिन तीच स्थिती दोनदा नेमकी सारखी शोधत नाही.

येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. मोबदल्याच्या ओळी तपासताना बचाव करणारी बाजू योग्य क्षणी प्यादे परत देते का, हे आवर्जून पाहावे. अपुऱ्या खोलीत इंजिन खाल्लेले प्यादे धरून बसते. खोली वाढली की तेच इंजिन प्यादे परत देऊन विकास पूर्ण करते आणि थोडी वरचढ बाजू राखते. अनेक गॅम्बिटांचे शेवटचे उत्तर या परतफेडीत असते, आणि आकड्याची शेवटची मोठी उडी बहुधा याच शोधामुळे येते.

डेप्थ वाढवूनही आकडा हलत नसेल तर

बेंकोसारख्या स्थितीत तासभर थांबूनही आकडा फारसा बदलत नाही. येथे शोधाला दोष देण्यात अर्थ नाही. मूल्यांकन उघडून पाहावे लागते.

जुन्या पद्धतीच्या हस्तलिखित (म्हणजे माणसांनी नियम लिहून बनवलेल्या) मूल्यांकनात प्रत्येक घटकाला मध्यखेळासाठी एक आणि अंतिम टप्प्यासाठी एक अशा दोन किमती असतात, आणि पटावर किती मोहरे उरली त्यानुसार त्यांची सांगड घातली जाते. पेस्टो या लहानशा प्रसिद्ध मूल्यांकनात प्याद्याची किंमत मध्यखेळात ८२ आणि अंतिम टप्प्यात ९४ आहे. राजाच्या सुरक्षेसारखे घटक याउलट मोहरे कमी होतील तसे क्षीण केले जातात. परिणामी वजिरांची अदलाबदल झाली की प्यादे महाग होते आणि मोबदला स्वस्त होतो. हल्ल्याच्या मोबदल्यासाठी हे योग्यच आहे. बेंकोसाठी ते उलटे पडते. जुन्या इंजिनाचा आकडा वजिरांच्या अदलाबदलीनंतर अचानक घसरला, तर प्रथम या कारणाचा संशय घ्यावा.

स्टॉकफिशमध्ये ही अडचण आता वेगळ्या रूपात येते. यू नासू यांनी २०१८ साली शोगी या जपानी बुद्धिबळासाठी मांडलेली एनएनयूई ही न्यूरल नेटवर्कची पद्धत सप्टेंबर २०२० मधील स्टॉकफिश १२ पासून वापरात आली, आणि २०२३ मध्ये हस्तलिखित मूल्यांकन पूर्णपणे काढून टाकण्यात आले. नेटवर्क प्रत्येक मोहऱ्याचे घर राजाच्या घराच्या संदर्भात वाचते, त्यामुळे ‘खुल्या पट्टीला इतके गुण’ असा सुटा घटक त्यात सापडत नाही. तरी आत डोकावण्याची एक वाट आहे, आणि ती फारच थोडे लोक वापरतात याचे मला मनापासून वाईट वाटते. इंजिन टर्मिनलमध्ये सुरू करून ‘पोझिशन’ आज्ञेने स्थिती द्यावी आणि ‘इव्हॅल’ ही आज्ञा द्यावी. पुढील खेळ्या न शोधता, केवळ त्या स्थितीचे मूल्यांकन समोर येते. त्यात पटाचे चित्र असते आणि राजे सोडून प्रत्येक मोहऱ्याखाली त्या मोहऱ्याची त्या स्थितीतील किंमत लिहिलेली असते. तो मोहरा काढून पुन्हा मूल्यांकन करून आलेला हा फरक असतो. त्याखालच्या तक्त्यात मूल्यांकनाचे साहित्यविषयक (मोहरे-प्याद्यांच्या संख्येचा) आणि स्थानविषयक असे दोन भाग वेगळे दाखवले जातात. पहिला भाग म्हणजे निव्वळ मोहऱ्यांची बेरीज नव्हे, कारण त्यातही घरांचा परिणाम मिसळलेला असतो. तरी प्यादे दिल्यानंतर पहिला भाग किती पडला आणि दुसरा किती वर आला, हे एका दृष्टिक्षेपात समजते. स्थानविषयक भाग जवळजवळ हललाच नसेल, तर इंजिनाला त्या जागी मोबदला दिसतच नाही असे म्हणण्याला आधार मिळतो. तो वर आला असूनही अंतिम आकडा खराब असेल, तर मोबदला मान्य आहे पण अपुरा आहे, असे इंजिनाचे म्हणणे आहे.

याच कल्पनेवर आणखी एक प्रयोग पट-संपादनात करता येतो, पण तो जपून करावा. बळी घेतलेल्या बाजूचे एक प्यादे काढून साहित्य समान करावे आणि आकडा पाहावा: आता दिसणारी वरचढ म्हणजे निव्वळ स्थानाची किंमत. अडचण अशी की कोणतेही प्यादे काढले तरी स्थान बदलते. बेंकोमध्ये काळ्याला ए७ वर प्यादे परत दिले तर ए पट्टी बंद होते, म्हणजे प्याद्याबरोबर मोबदलाही काढून टाकल्यासारखे होते. पांढऱ्याचे बी२ चे प्यादे काढले तर ए२ एकाकी पडते आणि काळ्याचा दाब फुगलेला दिसतो. एच२ चे काढले तर पांढऱ्याचा राजा उघडा पडतो. म्हणून दोन-तीन वेगवेगळी प्यादी काढून मिळणाऱ्या आकड्यांचा पल्ला पाहावा, एका आकड्यावर विसंबू नये. मोबदला आणि बळी दिलेले प्यादे ही दोन सुटी खाती नाहीत, हे या प्रयोगात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचित दिसते.

एक लहानसा अपवादही सांगून ठेवतो. बंद स्थितीत दोन्ही बाजू मोहरे नुसते इकडेतिकडे हलवत असतील, तर पन्नास खेळ्यांच्या नियमाची मोजणी वाढत जाते आणि स्टॉकफिश आपला आकडा थोडा थोडा शून्याकडे ओढते. अशा वेळी −०.७० चे −०.५० झाले म्हणजे मोबदला वाढला असे नव्हे.

दोन इंजिने दोन उत्तरे देतात

डीपमाइंड कंपनीच्या, स्वतःशीच खेळून शिकलेल्या अल्फाझीरोने २०१७ च्या अखेरीस स्टॉकफिश ८ विरुद्धच्या शंभर डावांत २८ विजय आणि ७२ बरोबरी अशी कामगिरी केली, आणि त्या डावांतील प्याद्यांच्या दीर्घकालीन बळींमुळे मोबदल्याविषयीची चर्चाच बदलली. त्याच मार्गाने २०१८ मध्ये सुरू झालेले लीला चेस झीरो (थोडक्यात लीला) हे इंजिन आज कोणालाही वापरता येते. त्याचे नेटवर्क प्याद्यांत मोजत नाही. ते थेट डावाच्या निकालाचा अंदाज देते, आणि पडद्यावरचा प्याद्यांतील आकडा त्या अंदाजावरून सूत्राने काढलेला असतो. म्हणून लीलाचा +०.२० आणि स्टॉकफिशचा −०.१० यांची थेट वजाबाकी करू नये. दोघांचेही विजय-बरोबरी-पराभवाचे प्रमाण समोर ठेवून तुलना करावी.

दोघांच्या चुकांचा कलही वेगळा असतो. लीला एखाद्या खेळीचे मूल्य त्या खेळीखाली तपासलेल्या स्थितींच्या सरासरीवरून ठरवते. बळीला एकच अचूक उत्तर असेल आणि बाकी सर्व उत्तरे बळी देणाऱ्याच्या फायद्याची असतील, तर त्या एका उत्तरावर पुरेसा शोध एकवटेपर्यंत सरासरी फसवी राहते आणि बळी आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. अल्फा-बीटा इंजिन ते एक उत्तर लवकर शोधून काढते, पण वर सांगितलेल्या छाटणीमुळे सावकाश मोबदला उशिरा पाहते. लीलाचे नेटवर्क प्रत्येक खेळीला आधीच एक शक्यता नेमून देते आणि फारच अनपेक्षित बळीला सुरुवातीला जवळजवळ शोधच मिळत नाही. अशा वेळी ती खेळी स्वतः पटावर करून तेथून विश्लेषण सुरू केल्यास उत्तर झटपट बदलू शकते. त्यामुळे वेगाच्या मोबदल्यात मतभेद झाला तर मी स्टॉकफिशचे म्हणणे आधी तपासतो, आणि रचनेच्या मोबदल्यात लीलाचे. अलीकडच्या स्टॉकफिशची नेटवर्के लीलाने तयार केलेल्या विदेवर (डेटावर) मोठ्या प्रमाणात प्रशिक्षित झाल्यामुळे ही दरी पूर्वीइतकी रुंद राहिलेली नाही.

स्वतःचे इंजिन लिहिणाऱ्यांसाठी

येथे तक्रार दोन्ही टोकांची असते: इंजिन कधीच प्यादे देत नाही, किंवा वाटेल तेथे देते. दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे एकाच फायद्याची अनेकदा मोजणी. खुल्या पट्टीवरील हत्तीला पट्टीचे गुण मिळतात, त्याच हत्तीला जास्त खेळ्या उपलब्ध असल्याचे गुण मिळतात, त्याच घरांमुळे जागेचे गुण मिळतात, आणि ती घरे शत्रूच्या राजाजवळ असली तर हल्ल्याचेही. प्रत्येक वजन एकटे पाहिले तर वाजवी वाटते. बेरीज प्याद्याच्या पलीकडे जाते. वजने हाताने न ठरवता सर्व एकत्र, डावांच्या निकालांवरून, टेक्सेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने जुळवली तर ही पुनरुक्ती बरीचशी आपोआप आवळली जाते.

पहिल्या प्रकारात विदा तपासावी. प्रशिक्षणासाठी स्थिती निवडताना मारामारी शिल्लक असलेल्या स्थिती गाळल्या जातात, आणि ते बरोबरच आहे. पण गॅम्बिटाच्या स्थितींत असा ताण जवळजवळ प्रत्येक खेळीला असतो, त्यामुळे त्या प्रमाणाबाहेर गाळल्या जातात. उरलेल्या संग्रहात एक प्यादे कमी असलेली बाजू बहुधा चुकीने प्यादे गमावून बसलेली असते आणि हरते. त्यातून शिकलेले मूल्यांकन प्यादे कमी म्हणजे पराभव एवढेच शिकते. गॅम्बिट ओपनिंगपासून सुरू होणारे डाव खेळवून त्यांतील शांत झालेल्या स्थिती संग्रहात मिसळणे हा याचा साधा आणि परिणामकारक उपाय आहे.

कोणताही बदल एखाद्या लाडक्या स्थितीतील आकडा सुधारला म्हणून स्वीकारू नये. जुन्या आणि नव्या आवृत्तीमध्ये हजारो वेगवान डाव खेळवून क्रमिक सांख्यिकी चाचणीने निर्णय घ्यावा. मार्शलची एक स्थिती अचूक सांगणारे पण एकूण डाव गमावणारे वजन कोणाच्याही उपयोगाचे नाही.

सगळे तपासूनही मतभेद उरला तर

शेवटी ती स्थिती इंजिनांना खेळायला द्यावी. बळीनंतरच्या स्थितीपासून दोन वेगळ्या घराण्यांची इंजिने एकमेकांविरुद्ध, बाजू बदलून, पुरेसे डाव खेळतात तेव्हा मूल्यांकनाचा अंदाज निकालांशी ताडून पाहता येतो. दोन्ही बाजूंना एकच इंजिन ठेवू नये. त्याला जो मोबदला दिसत नाही तो हल्ला करतानाही दिसणार नाही आणि बचाव करतानाही, आणि मग निकाल त्याच्या पूर्वग्रहाचीच पुष्टी करील. बहुतेक डाव बरोबरीत सुटत असतील आणि आकडा −०.६० असेल, तर प्रत्येक डावात बळी देणारी बाजू किती वेळा एकमेव वाचवणाऱ्या खेळीवर तगली ते मोजावे. मार्शलच्या अनेक ओळींत काळा एक प्यादे कमी असलेल्या पण उंटांची जोडी असलेल्या अंतिम टप्प्यात बरोबरी राखतो; इंजिनासाठी ती सहज बरोबरी असते, पटावर बसलेल्या खेळाडूसाठी ती कित्येक खेळ्यांचा चिवट बचाव असतो. बेंकोत नेमके उलटे होते: आकडा वाईट असूनही काळ्याच्या खेळ्या स्वाभाविक आणि सोप्या असतात, आणि अचूकता पांढऱ्याला दाखवावी लागते. ओपनिंग निवडणाऱ्याने हा कठीण खेळ्यांचा हिशेब इंजिनाच्या आकड्याशेजारी वेगळ्या रकान्यात मांडावा, कारण विजय-बरोबरी-पराभवाचे प्रमाणसुद्धा दोन तितक्याच अचूक खेळाडूंसाठी काढलेले असते.